कोणाचं सुतक?

बारावीनंतरच्या त्या सुट्टीत मला एका गोष्टीची अगदी पक्की खात्री होती: माझ्या प्रेमाला घरून विरोध होणार नाही. मैत्रिणींचे हाल मी बघतच होते. एकीचा गुजराती निघाला, तर तिच्या घरी महिनाभर कोणी तिच्याशी धड बोललं नाही. दुसरीचा मढच्या एका ख्रिश्चन गावातला. तो बिचारा घरी आपल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचा, पण तिच्या आजीने अंथरूण धरलं. आणि माझा? माझा मालवणी. जातीतला. मासे खाणारा, आणि दशावतार लागला की झोप विसरणारा. देवाने माझ्यासाठी सोपा पेपर काढलाय, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. तोंड आवरायला हवं होतं, पण त्या वयात ते कोणाला आवरतं?

तो मला क्लासमध्ये भेटला. इंग्रजीचा क्लास, सायन्स-कॉमर्स एकत्र, मुलुंडला एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. तिथे निम्म्याहून जास्त मुलं शाकाहारी आणि सर तर कांदासुद्धा न खाणारे. एकदा आईने घाईत डब्यात जवळ्याची चटणी दिली. मी झाकण उघडलं आणि सगळ्या वर्गाची नाकं वर गेली. सरांनी विचारलं, "कोणाच्या डब्यात आहे हे?" मी डबा बाकाखाली सरकवला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर गेला. "सर, माझ्या." सरांनी त्याला बाहेर काढलं. सुटल्यावर तो जिन्यात उभा होता. म्हणाला, "आता अर्धी चटणी माझी. बोल, चालेल ना?"

अर्धी कसली, सगळीच खाल्ली त्याने. बोटं चाटून वर म्हणाला, "झकास. पण माझी आई यात कोकम जास्त घालते." मी तिथेच विचारलं, "गाव कुठलं तुझं?" तो म्हणाला, "मालवण साइड." मी म्हटलं, "आमचं देवगड साइड." मुंबईत जन्मलेल्या आम्हा पोरांना गाव एवढंच माहीत असतं, साइडपुरतं. गणपतीला जायचं, चार दिवस मोदक खायचे, रेंज नाही म्हणून कुरकुर करायची आणि परत यायचं.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं खूप आहे आणि नाहीही. तो घाटकोपरला राहायचा, आम्ही कांजूरमार्गला. मधलं अंतर आम्ही पुष्कळदा चालत तोडलं, कारण चाललं की बोलायला जास्त वेळ मिळायचा. आमच्या भागात संध्याकाळी वारा फिरला की कचऱ्याच्या डोंगराचा वास येतो. बाकीचे नाकाला रुमाल लावतात. तो लांब श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "आलं तुझं घर." मला राग यायचा आणि हसूही यायचं. एकदा घरी फॉर्म भरायचं कारण सांगून आम्ही मालाडवरून बसने मढला गेलो. तिथल्या एका बंगल्यात कसल्या तरी मालिकेचं लग्न चाललं होतं. कागदी झेंडू, भाड्याची सनई, आणि नवरी खुर्चीत बसून जांभया देत होती. तो म्हणाला, "आपण कोर्टातच करू हां, यार. ही कटकट नको."

"कोर्टात ते लोक जातात ज्यांच्या घरचे नाही म्हणतात," मी म्हटलं. "आपलं दणक्यात होणार. आपल्याला कोण अडवणार?"

आईला मी रिझल्टनंतर सांगितलं. म्हणजे तिने आधीच ओळखलं होतं. तो नोट्स द्यायला म्हणून दोनदा घरी येऊन गेला होता, आणि दुसऱ्यांदा आईने त्याला जेवायला बसवून मुद्दाम पेडवे वाढले होते. पेडव्यात काटेच काटे. ती ओट्याशी उभी राहून त्याचं ताट बघत होती. त्याने न बोलता, पाण्याचा घोटही न घेता, काट्यांचा नीट ढीग ताटाच्या कडेला लावला. तो गेल्यावर आई म्हणाली, "आपलोच आसा." आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही.

मी सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं, "जातीतलो मा?"

"हो."

"आणि गाव?"

"मालवण साइड."

"मगे झाला," ती म्हणाली. "आधी कॉलेज पुरा कर. बाबांका मिया सांगतंय, येळ बघून." आणि मग माझ्या गालाला हात लावून ती अशी हसली, की मला वाटलं जिच्या आयुष्यात कधीच असं काही झालं नाही ती बाई माझ्याबरोबर थोडं जगून घेते आहे.

एकाच कॉलेजात जायचं आमचं ठरलं होतं. मी कॉमर्सवाली, तो सायन्सवाला, तरी दोन्ही असलेलं कॉलेज शोधून दोघांनी पहिलं नाव तेच टाकलं होतं. त्याच सुमाराला त्यांच्या इमारतीचं काम पूर्ण झालं, नवीन फ्लॅट मिळाला आणि रविवारी सत्यनारायणाची पूजा ठरली. त्याने क्लासच्या सगळ्यांना बोलावलं, म्हणजे मला बोलावलं. आईलाही आमंत्रण. आईला ती संधीच वाटली: सहज गेल्यासारखं जायचं, घर बघायचं, त्याच्या आईशी दोन शब्द बोलायचे. मोतिया रंगाची साडी काढून तिने इस्त्रीला दिली. आमच्या घरी साडी इस्त्रीला जाणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी त्या आठवड्यात जमिनीवर चालत नव्हते.

शुक्रवारी सकाळी गावावरून बाबांना फोन आला. ते गॅलरीत उभे राहून "व्हय, व्हय" म्हणत होते, आणि मग त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. आमच्या मूळ घरातला थोरला म्हातारा गेला होता. बाबांचा तो लांबचा काका. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. पाहिलं असेल तर गणपतीच्या गर्दीत कुठल्यातरी ओसरीवर. बाबा फोन ठेवून म्हणाले, "धा दिवस सुतक." झालं. आईने देव्हाऱ्याला कापड लावलं. फ्रिजमध्ये मसाला लावून ठेवलेली सुरमई शेजारच्या मंगलोरी काकूंकडे रवाना झाली. फोडणी बंद, मासे बंद, देऊळ बंद. आणि पूजा बंद. सुतकातल्या माणसाने कोणाच्या सत्यनारायणाला जायचं नसतं, प्रसादही घ्यायचा नसतो.

मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की विचारू नका. इतकी वर्षं जगलात, आणखी दोन दिवस थांबायला काय झालं होतं?

आता त्याला कसं कळवायचं, म्हणून मी फोन हातात घेऊन बसले होते. तेवढ्यात त्याचाच मेसेज आला. पूजा कॅन्सल. वाट लागली. आमच्या घरी सुतक आलंय.

मी मोठ्याने हसले. देवाशपथ हसले. लगेच लिहिलं, आमच्याकडे पण! त्याने हसण्याचे चेहरे पाठवले, ओळभर. मग लिहिलं, सेम टू सेम. आपलं नशीबच एक आहे, यार. मला इतकं बरं वाटलं. आमचं जाणं चुकलं नव्हतं, पूजाच पुढे गेली होती. आईची साडी नंतरही चालणार होती. मी उड्या मारत स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "आई, टेन्शनच नाही! त्यांच्याकडे पण सुतक आहे."

आई बिनफोडणीच्या डाळीत मीठ घालत होती. तिचा हात तसाच राहिला.

"कोणाचा सुतक?"

"असेल गं कोणीतरी म्हातारं."

"विचार त्याका."

"आता? कशाला?"

"आत्ताच विचार."

मी विचारलं. थोड्या वेळाने त्याचा व्हॉइस मेसेज आला. तो मी तिच्यासमोरच लावला, कारण मला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. त्याचा आवाज नेहमीसारखा, हसरा. "अगं, मला पण आजच कळलं. आमचं मूळ घर मालवण साइडचं नाहीच म्हणे. देवगड साइडला आहे. माझे पणजोबा लहान असताना त्यांचे वडील गेले, मग ते आजोळी वाढले, तिथेच राहिले. नंतर गिरणीत लागले तेव्हा त्या गावाचं नाव लावलं, तेच आमचं आडनाव. जाणं-येणं कधीच तुटलंय, पण आजोबा सांगून गेलेत, तिकडचं सुतक पाळायचं. मूळ घरातला थोरला गेल्याचं पप्पांना कोणीतरी कळवलं, म्हणून सुतक. तुमच्याकडे कोण गेलं?"

आईने गॅस बंद केला. ती खाली फरशीवर बसली, भिंतीला टेकून. तोवर मला कळलं नव्हतं. खरंच नव्हतं कळलं. मुंबईच्या पोरी आम्ही, आम्हाला भावकी म्हणजे जमिनीवरून भांडणारी माणसं एवढंच ठाऊक. दोन वेगळ्या आडनावांच्या घरांत एकाच माणसाचं सुतक आलं म्हणजे काय, हे आईला सांगावं लागलं.

"बाय माझे," ती म्हणाली, "तो तुझो भाव लागता."

मी काय काय बोलले ते सगळं आठवतं. मी म्हटलं, पणजोबांच्या पणजोबांचं कोण कोणाचं होतं ते कोणी बघितलंय? मी म्हटलं, मामाच्या मुलाशी लग्न लावता तुम्ही, ज्याच्याबरोबर लहानपणी एका बादलीत आंघोळ केलेली असते. ते चालतं. आणि ज्याचं तोंड मी सतराव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं, तो माझा भाऊ? हा कुठला न्याय? आई मान हलवत राहिली. "एका देवाचे, एका घरातले," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "माझ्या हातात असता तर मिया तुका आडवलंय नसतंय. पण ह्या खंय कोणाच्या हातात आसा?" मग ती रडायला लागली आणि मला आणखी राग आला, कारण रडायची पाळी माझी होती. शेवटी तिने माझे दोन्ही हात धरले. "बाबांका ह्यातला कायेक कळता नये." बाबांना त्यातलं आजतागायत काही कळलेलं नाही.

त्याला मी मुलुंडच्या एका बागेत भेटून सांगितलं. असली गोष्ट फोनवर सांगता येत नाही. पहिल्यांदा तो कसंनुसं हसला, मग म्हणाला, "मग काय झालं? कोणाला सांगायचंच नाही." मी म्हटलं, तेच. मी लढायला तयार होते. खरंच सांगते, आईबापाच्या अश्रूंना मी घाबरणारी नव्हते. डोक्यात सगळं ठरवूनच गेले होते: शिक्षण पूर्ण करू, नोकरी धरू आणि ज्या कोर्टाला मी मढला नाक मुरडलं होतं तिथेच जाऊन उभं राहू.

पण तो माझ्यापासून एक वीत सरकून बसला होता. त्याच्याही लक्षात आलं नसावं. मी त्याचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही, पण त्याची बोटं नेहमीसारखी वळली नाहीत. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही गं."

"बोल ना."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "कोण गेलं त्याचं तू उत्तरच दिलं नाहीस, म्हणून सकाळी पप्पांना असंच विचारलं मी, की तिकडच्या भावकीत अमुक आडनावाचे कोण आहेत. ते म्हणाले, ते सगळे आपलेच, तुझे भाऊबहीण. तेव्हापासून डोक्यातून जातच नाही यार. मला तुझा हात धरताना विचित्र वाटतंय. सॉरी. मी काय करू?"

घरच्यांनी नाही म्हटलं असतं तर मी त्यांच्याशी भांडले असते. जात आडवी आली असती तर जातीला शिव्या दिल्या असत्या. त्याच्या बोटांशी कसं भांडायचं? मी त्याच्यावर ओरडले, घाबरट म्हटलं, आणखीही बरंच. निघताना तो नेहमीच्या सवयीने माझी बॅग उचलायला वाकला आणि मध्येच थांबला. मी ती स्वतःच उचलली. वाईट याचंच वाटतं, की त्याच्यावर चिडायलाही मला पुरेसं कारण मिळालं नाही. त्याने खोटं बोलून माझा हात धरून ठेवला असता, तर ते मला जास्त आवडलं असतं का? तेव्हा वाटलं, हो. अजूनही कधीकधी वाटतं.

कॉलेजच्या यादीत त्याने नाव बदललं आणि पनवेलकडे कुठेतरी इंजिनिअरिंगला गेला. मी ठरलेल्या कॉलेजातच गेले, एकटी. आई दर संध्याकाळी माझ्या केसांना तेल लावायची. मला वाटलं, हे असंच हळूहळू विझत जाईल. पण आमच्या माणसांना काही विझू द्यायची सवय नाही.

म्हाताऱ्याचं बारावं गावी झालंच होतं, पण मुंबईतल्या भावकीने भांडुपच्या एका हॉलमध्ये पुन्हा सगळ्यांना जमवलं. आई म्हणाली, तू येऊ नको. बाबा म्हणाले, कशी येऊ नको, घरातली एकुलती एक पोर. मी गेले. तिथे फोटोला हार, केटरिंगचा भात, आणि बाबा एका माणसाला मिठी मारून उभे. तो माणूस म्हणजे त्याचे पप्पा. दोन-तीन म्हाताऱ्यांनी मिळून वंशावळ जुळवली होती आणि अख्खा हॉल खूश झाला होता. इतक्या पिढ्यांपूर्वी आजोळी गेलेलं पोर परत सापडलं होतं, बायकामुलांसकट. "हरावलेलो फाटो गावलो!" बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मी बाबांना इतकं आनंदात फार कमी वेळा पाहिलं आहे. त्यांना सख्खा भाऊ नाही. मुलगा नाही. चाळीतल्या भांडणात त्यांच्या बाजूने कधी कोणी उभं राहिलं नव्हतं. आज त्यांना एकदम भाऊ मिळाला होता आणि त्या भावाला एक मुलगाही होता.

बाबांनी त्याचा हात धरून त्याला माझ्यासमोर आणलं. "ह्यो तुझो भाव."

"ओळखते," मी म्हटलं. "क्लासला होता."

बाबांनी दोन्ही हात वर केले. "बघलास? रगात रगताक वळाखता!" आणि सगळ्यांना बोलावून बोलावून ती गोष्ट सांगितली, की ही पोरं एका वर्गात बसत होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. लोक हसले. त्याची आई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "हा घरी नेहमी तुझ्याबद्दल बोलायचा हं." तो जमिनीकडे बघत होता.

दिवाळीत बाबांनी त्याला भाऊबीजेला बोलावलं. मला विचारलं नाही, कारण त्यात विचारायचं काय? जिला जन्मभर मामे-मावस भावांवर भागवावं लागलं, तिला हक्काचा भाऊ मिळाला म्हणून त्यांनी स्वतः बाजारात जाऊन पाट आणला. नवीन पाट! आईने आदल्या दिवशी मला विचारलं, "ताप इलो म्हणान सांगू?" मी नाही म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. कदाचित मला त्याला बघायचं होतं, एवढंच.

तो आला, नवीन शर्टात, बारीक झालेला. पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि आईची अंगठी त्याच्यासमोरून फिरवली, ओवाळलं. त्याने ताटात त्याच्या आईने घेतलेला ड्रेस ठेवला. बाबा मोबाइलवर फोटो काढत होते. मग त्यांना एकदम आठवलं. "मोठा कोण रे तुमच्यात?"

"मी," मी म्हटलं. "चार महिन्यांनी."

"मगे पाया पड तिच्या! मोठी भैण ती तुझी."

तो उठला आणि वाकला. वर्षभर आम्ही जिने, बागा, बसस्टॉप शोधत फिरलो होतो, कोणी बघेल म्हणून. त्याच्या केसांतून हात फिरवावासा वाटला तरी आधी इकडेतिकडे बघायचं. आता अख्खं घर बघत होतं, आणि सगळे खूश होते.

"आशीर्वाद दी गो," बाबा म्हणाले.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काय म्हणाले ते मला आठवत नाही. आई म्हणते, मी काहीच म्हटलं नाही. तो वाकलेलाच होता, बाबा आणखी एक फोटो काढायला सरसावले होते, आणि माझा हात काही निघेना, तेव्हा आईलाच स्वयंपाकघरातून येऊन तो उचलून बाजूला करावा लागला.